भूल आणि लव्हाळे

भूल न देता दात उपटणे किंवा पाय कापणे, ही कल्पनाही आज सहन होत नाही. १८४६ च्या डिसेंबरपर्यंत इंग्लंडमध्ये मात्र तोच रिवाज होता. तो मोडण्यात डॉ. फ्रान्सिस बूट यांचा मोठा वाटा होता.

बूट यांचा जन्म १७९२ मध्ये अमेरिकेतील बोस्टनचा. १८२४ मध्ये एडिंबरातून एम.डी. होऊन ते लंडनला स्थायिक झाले. बोस्टनमध्ये ईथरने भूल देता येते, हे तिथल्या मित्राच्या पत्रातून त्यांना समजले. १९ डिसेंबर १८४६ रोजी त्यांच्या गॉवर स्ट्रीटवरील घरी एका तरुणीला ईथर हुंगवून दंतवैद्य जेम्स रॉबिन्सन यांनी तिची दाढ काढली. दोनच दिवसांनी शल्यविशारद लिस्टन यांनी ईथरखाली एका रुग्णाचा पाय कापला.

वैद्यकाचा इतिहास बूट यांना एवढ्यावरच ओळखतो. त्यांचे आयुष्य मात्र रमले पाणथळ जागी वाढणाऱ्या ‘कॅरेक्स’ या लव्हाळ्यांत. आपला नागरमोथा याच कुळातला. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण खोड बोटांत फिरवून पाहा. गवताचे बहुधा गोल लागते, कॅरेक्सचे सहसा तीनधारी. दलदलीच्या चिखलात मुळांना प्राणवायू मिळत नाही. तो पानांकडून मुळांपर्यंत आतल्या पोकळ्यांतून पोहोचतो. थंड प्रदेशात मेलेली पाने-मुळे पाण्याखाली पुरती कुजत नाहीत. त्यांचे थर साचतात आणि कार्बन तिथेच अडकून राहतो.

कॅरेक्सच्या जाती ओळखणे महाकठीण. बी ज्या चिमुकल्या पिशवीत असते तिचा आकार, तिची चोच, तिच्यावरच्या शिरा, सारे बारकाईने पाहावे लागते. बूट यांनी उत्तर अमेरिकेपासून हिमालयापर्यंतचे नमुने तपासले. १८५८ पासून त्यांच्या सचित्र ग्रंथाचे भाग निघू लागले. २५ डिसेंबर १८६३ रोजी फुप्फुसाच्या विकाराने ते गेले. चौथा भाग त्यांच्या पश्चात, १८६७ मध्ये आला. चारही भागांत मिळून ६०० चित्रफलक आहेत.

लक्षणांतला बारीक फरक ओळखल्याशिवाय निदान होत नाही, हे आम्हा डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून शिकवतात. पाणथळ जागेचेही तसेच आहे. तिथे काय उगवते हे ठाऊक नसेल, तर ती निव्वळ पडीक जमीन वाटते आणि भराव टाकायला कुणाचा हात अडत नाही. पुढच्या वेळी तळ्याकाठी गेलात, तर एक खोड बोटांत जरूर फिरवून पाहा.