एकच माइक, तीन मिनिटं आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून : विदर्भातल्या वकिली शिकलेल्या हौशी गायकाने रेकॉर्डिंगची दुनिया कशी गाजवली?

गोंदियाजवळचं बिरसी म्हटलं की लोकांना आठवतं तिथलं विमानतळ आणि पायलट तयार करणारी संस्था. आता समजा, याच बिरसीतली एखादी पोरगी स्वतः गाणं लिहिते, स्वतःच चाल लावते आणि रात्री घरातल्या खोलीत बसून मोबाइलवर रेकॉर्ड करते. सकाळी ऐकते आणि हिरमुसते. डोक्यात वाजत होतं ते वेगळं आणि मोबाइलमध्ये आलंय ते वेगळंच. गिटार पुढे, आवाज मागे. वर पंख्याची घरघर. शब्द नीट कळत नाहीत. गाणं पाच मिनिटांचं आणि मुखडा यायलाच दीड मिनिट.

मग सुरू होतं सर्चिंग. कुठला माइक घ्यावा, कुठलं ॲप टाकावं, आवाज गोड करणारं काही मिळतं का.

पण गाण्याचं हे दुखणं मोबाइलच्या आधीचं आहे. याच विदर्भातल्या एका माणसाने नव्वद वर्षांपूर्वी ते आधी स्वतः सोसलं आणि मग पुढची कित्येक वर्षं इतरांच्या गाण्यांवर त्याचा इलाज केला. त्या माणसाचं आडनाव जोशी. रेकॉर्डच्या दुनियेत त्यांना सगळे जी. एन. जोशी म्हणायचे.

जोशींचा जन्म १९०९ चा, बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचा. शिकले वकिली. त्या काळात मध्यमवर्गीय घरातल्या मुलाने वकील व्हावं, काळा कोट घालावा आणि घराण्याचं नाव राखावं, ही साधीसरळ अपेक्षा. गाणं करायचं ते हौस म्हणून. मित्रांच्या बैठकीत म्हणा, गणपतीत म्हणा, पण त्याच्यावर पोट भरायचा विचार करायचा नाही. गाऊन पैसे कमावणं हे घरंदाज माणसाचं काम नाही, असा समज तेव्हा घट्ट होता.

गंमत बघा, त्याच १९०९ साली त्याच बुलढाणा जिल्ह्यात आणखी एकजण जन्माला आला होता. सिंदखेडराजाजवळच्या सेंदुरजनचे ना. घ. देशपांडे. हेही पुढे वकील झाले आणि मेहकरला त्यांनी वकिली केली. पण महाराष्ट्राने त्यांना ओळखलं ते कवी म्हणून. पुढे १९८६ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी.

या ना. घं.ची ‘शीळ’ नावाची कविता जोशींच्या हाती लागली. जोशींनी तिला चाल लावली आणि १९३२ च्या सुमारास एचएमव्हीने ती त्यांच्या आवाजात रेकॉर्ड केली.

म्हणजे शब्द एका वऱ्हाडी वकिलाचे, चाल आणि आवाज दुसऱ्याचा. मागे नाटक कंपनी नाही, सिनेमा नाही, दरबार नाही. दोघेही वयाने तेविशीच्या आसपास. आजच्या भाषेत याला इंडी म्युझिक म्हणतात.

ही रेकॉर्ड तुफान चालली. तोवर मराठी माणूस रेकॉर्डवर ऐकायचा ते प्रामुख्याने नाट्यपद, ख्याल-ठुमरी, भजन किंवा लावणी. नाटकातलं पद नाटकातल्या पात्राचं असायचं, ख्यालात शब्दांपेक्षा राग मोठा असायचा. इथे मात्र एक साधी कविता, एका माणसाच्या मनातली भावना आणि ती उचलून धरणारी सोपी चाल एवढंच होतं. यालाच पुढे भावगीत म्हणायला लागले आणि जोशींचं नाव भावगीताच्या सुरुवातीच्या गायकांमध्ये कायमचं लागलं. गजानन वाटव्यांनी भावगीत चौकाचौकांत नेलं ते यानंतर. आज भावगीत म्हटलं की आजी-आजोबांच्या रेडिओची आठवण येते, पण १९३० च्या दशकात ते तरुणांचं पॉप होतं.

पण हे गाणं रेकॉर्ड व्हायचं कसं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायकाला एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून ओरडावं लागायचं. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रिक माइक आला आणि ओरडण्याची गरज संपली. हा बदल वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा खणखणीत आवाज नसला, तरी आता चालणार होतं. कानात बोलल्यासारखं हळुवार गाता येणार होतं. भावगीत जन्मलं त्यात कवितेचा वाटा जेवढा, तेवढाच या माइकचाही आहे.

माइक मात्र एकच. गायक, तबला, हार्मोनियम, व्हायोलिन, सगळ्यांचा मिळून एक. आज गायकाचा ट्रॅक वेगळा, गिटारचा वेगळा आणि नंतर बसून कमीजास्त करता येतं. तेव्हा ‘नंतर’ हा प्रकारच नव्हता. कोण किती जोरात ऐकू येणार हे ठरायचं कोण माइकपासून किती लांब बसलाय यावरून. तबला भारी पडतोय तर तबलजीला मागे सरकवा. शब्द बुडतायत तर गायकाला पुढे घ्या. हार्मोनियम आवाज खातेय तर तिचं तोंड दुसरीकडे फिरवा. मिक्सिंग व्हायचं ते सतरंजीवर, रेकॉर्डिंगच्या आधी.

आवाज कोरला जायचा मेणाच्या जाड चकतीवर. ती चकती वाजवून बघितली की मेणातली नाजूक खाच खराब व्हायची, म्हणून जो टेक ठेवायचा तो तिथल्या तिथे ऐकता यायचा नाही. जमलाय की नाही हे कानाने, गाताना, त्याच क्षणी ओळखायचं. एक सूर हलला, कुणी खोकलं, शेवटची ओळ वेळेत संपली नाही, की आख्खं गाणं पुन्हा पहिल्यापासून. चुकलेला एक शब्द कापून नवा जोडायची सोय नव्हती. पास झालेलं मेण कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात जायचं आणि तिथून काळ्या तबकड्या बनून यायच्या. या तबकड्यांमधला महत्त्वाचा घटक होता लाख. पळस, कुसुम या झाडांवर एक बारीक कीडा जी लाख तयार करतो, तीच. पूर्व विदर्भातल्या जंगलात ती आजही गोळा केली जाते.

आणि वेळ? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं.

कागदावरची कविता सहा-सात कडव्यांची असली तरी तीन मिनिटांत ती बसायची नाही. मग कुठलं कडवं ठेवायचं, कुठलं सोडायचं, मधलं म्युझिक किती सेकंदांचं, मुखडा किती वेळा परत घ्यायचा, हे सगळं आधी ठरवावं लागे. नवख्या गीतकाराला सगळ्यात जड जातं ते हेच. स्वतः लिहिलेलं प्रत्येक कडवं त्याला आवडत असतं.

हौशी गायक म्हणून जोशींनी हे सगळं माइकच्या पुढे उभं राहून शिकून घेतलं होतं. त्यांनी बऱ्याच रेकॉर्ड दिल्या. गंगूबाई हनगल तेव्हा रेकॉर्डवर ‘गांधारी हनगल’ या नावाने गायच्या. त्यांच्यासोबत जोशींचं एक युगुलगीत आहे. ज्यांनी गंगूबाईंचा नंतरचा भारदस्त, जवळपास पुरुषी आवाज ऐकलाय, त्यांना ती रेकॉर्ड ऐकून धक्काच बसतो. कारण त्यात आवाज आहे बारीक आणि कोवळा. पुढे घशाच्या उपचारानंतर गंगूबाईंचा आवाज बदलला आणि पहिला आवाज पुन्हा कधी आला नाही. तो शिल्लक आहे तो फक्त त्या जुन्या तबकड्यांवर.

१९३८ साली जोशींच्या आयुष्याने वळण घेतलं. ते एचएमव्हीत नोकरीला लागले. वकिली मागे पडली ती पडलीच. माइकसमोर गाणारा माणूस आता काचेच्या पलीकडे जाऊन बसला.

त्यांचं काम काय होतं? कुणाला रेकॉर्ड करायचं ते ठरवणं, त्याला तयार करणं, काय गायचं ते ठरवणं, तालीम घेणं आणि मग रेकॉर्डिंग होईपर्यंत त्याच्या पाठीशी उभं राहणं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात समोर असायचे मोठमोठे उस्ताद आणि बाई. मैफलीत एक राग दीड-दोन तास गाणाऱ्या माणसाला जाऊन सांगायचं की तुमचा मालकंस तीन मिनिटांत आटपा. समोरचा चिडणारच. शिवाय अनेकांच्या मनात भीतीही होती. रेकॉर्ड निघाली तर आपली विद्या लोक फुकट चोरतील, मैफलीला कोण येईल?

इथे जोशींचं स्वतः गायक असणं कामी आलं, असं म्हणायला हरकत नाही. समोरच्याची अडचण त्यांना आतून ठाऊक होती. हिशेब मांडणाऱ्या कंपनीच्या साहेबाने सांगणं वेगळं आणि त्याच माइकपुढे घाम गाळलेल्या माणसाने सांगणं वेगळं. हिराबाई बडोदेकर, बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर, दत्तात्रेय विष्णू पलुसकर अशा कलाकारांसोबत त्यांनी काम केलं.

यातलं पलुसकरांचं नाव जरा थांबून वाचायला हवं. १९५५ साली ते गेले तेव्हा जेमतेम ३४ वर्षांचे होते. आज त्यांचं गाणं ऐकायचं तर रेकॉर्डिंगशिवाय दुसरा मार्ग नाही. नंतर कधीतरी निवांत करू, असं म्हणून ती रेकॉर्डिंग पुढे ढकलली असती, तर आज ऐकायला फारसं काही उरलं नसतं.

आणि तीन मिनिटांत काय होतं, असं वाटत असेल तर केसरबाई केरकर आठवा. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानासोबत अंतराळात जी सोनेरी तबकडी पाठवली, त्यात भारताकडून केसरबाईंची भैरवी आहे. लांबी साधारण साडेतीन मिनिटं. याच छोट्या तबकड्यांच्या जमान्यातली.

१९५० च्या दशकात टेप आली आणि पाठोपाठ लाँग प्ले रेकॉर्ड. आता एका बाजूला वीस मिनिटं मिळायला लागली, चूक कापता यायला लागली. अमीर खाँसाहेबांसारख्या संथ, पसरून गाणाऱ्या कलाकारासाठी तर ही सोय जणू घडवून घेतलेली. १९६० च्या सुमारास एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी अशी त्यांची एलपी निघाली. ती आजही अभ्यासक उगाळतात.

पण वेळ वाढला की नवा घोळ सुरू होतो. तीन मिनिटांत काय गाळायचं हा प्रश्न होता, वीस मिनिटांत ऐकणाऱ्याला धरून कसं ठेवायचं हा प्रश्न आला. जोशींचं याला दिलेलं उत्तर म्हणजे १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’.

संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा. तिघेही तिशीच्या आसपासचे. संतूर आणि गिटार शास्त्रीय संगीतात चालतात का, यावरच तेव्हा वाद. अशा तिघांना घेऊन जोशींनी काश्मीरच्या एका मेंढपाळाचा एक दिवस मांडायचं ठरवलं. पहाटेसाठी अहिर भैरव, मग दिवस चढत जाईल तसे त्या त्या वेळेचे राग आणि शेवटी पहाडी. शब्द एकही नाही, तरी ऐकणाऱ्याला पुढे काय होणार याची ओढ लागते. रेकॉर्ड देशात खपली आणि परदेशातही गेली. भारतीय संगीताशी काही देणंघेणं नसलेल्या घरांत ती पोहोचली.

बारकाईने बघितलं तर १९३२ आणि १९६७ च्या कामाचं सूत्र एकच दिसतं. ‘शीळ’मध्ये एक कविता आणि एक भावना होती, ‘कॉल ऑफ द व्हॅली’त एक माणूस आणि एक दिवस. मशीन बदललं, वेळ सहापट झाला, पण गाणं कशाबद्दल आहे हे दोन्हीकडे रेकॉर्डिंगच्या आधी पक्कं होतं.

याचा बिरसीतल्या त्या खोलीशी संबंध काय? तर मोबाइलवर डेमो करणारी मुलगी नेमकी १९३० च्या दशकातल्या स्टुडिओत बसलेली असते. एकच माइक, एकच खोली, सगळे आवाज एकत्र. त्यामुळे तेव्हाच्या युक्त्या जशाच्या तशा चालतात. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब, पण नाकासमोर नाही, थोडा बाजूला. गिटारचं भोक मोबाइलकडे नको. पंखा बंद. खोली घुमत असेल तर गाद्या-गोधड्या भिंतीला टेकवायच्या, कपड्यांचं कपाट उघडं ठेवायचं. जुन्या स्टुडिओत जाड पडदे त्यासाठीच असत. पट्टी आपल्या गळ्याला झेपेल ती, आवडत्या गायकाची नाही. घड्याळ लावून गाणं सव्वातीन मिनिटांत बसतं का बघायचं. बसत नसेल तर आधी कडवं काढायचं, मग म्युझिक. दहा वेळा म्हणून झाल्यावर मगच बटण दाबायचं. राहता राहिली प्रशिक्षणाच्या विमानांची घरघर. त्यावर रात्री रेकॉर्ड करणं बरं.

उत्तरायुष्यात जोशींनी हे सगळे किस्से लिहून काढले. मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’ आणि इंग्रजीत १९८४ साली ‘डाउन मेलडी लेन’. कोणता उस्ताद कशाने रुसायचा, कोण कशाने खूश व्हायचं, स्टुडिओत काय काय घडायचं, हे वाचायचं असेल तर या पुस्तकांना पर्याय नाही. १९९४ साली जी. एन. जोशी गेले. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आज कुठल्याही म्युझिक ॲपवर मिळते. ‘शीळ’ची जुनी रेकॉर्डही इंटरनेटवर शोधली तर सापडते. सुईची खरखर आहे, पण तेविशीतल्या त्या वऱ्हाडी पोराचा शब्द न् शब्द कळतो.