दिवसा कचेरी, रात्री संगीत

न्यूयॉर्क शहरातील एका विमा कचेरीत चार्ल्स आइव्ह्ज नावाचे गृहस्थ काम करीत. दिवसभर ते विम्याच्या हिशेबात गढलेले असत. संध्याकाळी घरी परतले, की ते पियानोपाशी बसत आणि रात्री उशिरापर्यंत संगीत लिहीत. हेच गृहस्थ पुढे अमेरिकेचे थोर संगीतकार म्हणून जगाला माहीत झाले.

चार्ल्स यांचा जन्म २० ऑक्टोबर १८७४ रोजी अमेरिकेतील डॅनबरी या गावी झाला. त्यांचे वडील जॉर्ज हे बँडचे प्रमुख होते. त्यांना सुरांचे नवे प्रयोग करण्याची फार हौस होती. ते मुलांना एका पट्टीत गायला लावत आणि स्वतः दुसऱ्याच पट्टीत साथ करीत. त्यामुळे चार्ल्स यांचे कान लहानपणीच तयार झाले. वयाच्या चौदाव्या वर्षी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पगार मिळवू लागले.

पण संगीतावर घर चालवणे किती कठीण असते, हेही त्यांनी पाहिले होते. खुद्द वडिलांना शेवटी बँकेत नोकरी करावी लागली. १८९४ मध्ये चार्ल्स येल विद्यापीठात दाखल झाले आणि त्याच वर्षी वडील वारले.

१८९८ मध्ये पदवी मिळाल्यावर चार्ल्स न्यूयॉर्कला एका विमा कंपनीत कारकून झाले. चार वर्षांनी त्यांनी ऑर्गनवादकाची नोकरीही सोडली. संगीत मात्र सोडले नाही. लोकांना आवडेल आणि खपेल असेच संगीत लिहिण्याची सक्ती त्यांना नको होती. म्हणून पोटासाठी विमा आणि मनासाठी संगीत, अशी वाटणी त्यांनी केली.

विम्याचे कामही त्यांनी मन लावून केले. १९०९ मध्ये त्यांनी ज्युलियन मायरिक यांच्यासोबत भागीदारीत एजन्सी काढली. एखाद्या कुटुंबाला किती विम्याची गरज आहे, हे ठरवण्याची पद्धत त्यांनी एजंटांना शिकवली. त्यांची एजन्सी देशातील मोठ्या एजन्सींमध्ये गणली जाऊ लागली.

या दुहेरी कष्टांची किंमतही त्यांना मोजावी लागली. त्यांचे संगीत वाजवायला कोणी तयार नसे. वादकांना ते विचित्र व अवघड वाटे. लिहिलेले कागद वर्षानुवर्षे घरात पडून राहत. १९१८ मध्ये त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. तरीही १९२२ मध्ये त्यांनी आपली ११४ गीते स्वखर्चाने छापली आणि फुकट वाटली. १९२७ च्या सुमारास त्यांचे नवे लेखन थांबले. १९३० मध्ये ते कामातून निवृत्त झाले.

पुढे दिवस पालटले. सिंफनी म्हणजे अनेक वाद्यांच्या मेळासाठी रचलेले मोठे संगीत. त्यांची तिसरी सिंफनी कितीतरी वर्षे कागदावरच राहिली होती. ती १९४६ मध्ये प्रथमच वाजवली गेली. तिला १९४७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी इतरांना देऊन टाकली. १९५१ मध्ये त्यांची दुसरी सिंफनी न्यूयॉर्कमध्ये सादर झाली. ते तेथे गेले नाहीत. नंतर ती त्यांनी रेडिओवर ऐकली. १९ मे १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

चार्ल्स आइव्ह्ज यांनी पोटाचा धंदा हलका मानला नाही आणि मनाची आवडही मरू दिली नाही. कौतुकासाठी त्यांना फार वाट पाहावी लागली. पण कोणी ऐको वा न ऐको, आपले काम त्यांनी प्रामाणिकपणे केले. म्हणूनच ते मागे उरले.