रंगभूमीचे शिक्षक : बी. व्ही. कारंत

म्हैसूर हे शहर राजवाड्यासाठी आणि दसऱ्याच्या सोहळ्यासाठी प्रसिद्ध आहे. या शहराची आणखी एक ओळख म्हणजे ‘रंगायण’ ही नाट्यसंस्था. कर्नाटक शासनाने १९८९ मध्ये ती स्थापन केली आणि तिच्या उभारणीची जबाबदारी बी. व्ही. कारंत यांच्यावर सोपवली. दिग्दर्शक, संगीतकार आणि अनुवादक म्हणून तोपर्यंत त्यांचा देशभर लौकिक झाला होता. परंतु या सर्व कामांच्या मुळाशी त्यांचा एकच ध्यास होता. तो म्हणजे नाटक शिकण्याचा आणि शिकवण्याचा.

बाबुकोडी वेंकटरमण कारंत यांचा जन्म १९२९ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मंची या गावी झाला. हा किनारपट्टीचा प्रदेश म्हणजे यक्षगानाचे माहेरघर. याच किनारपट्टीच्या उत्तर भागातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ १८४२ मध्ये सांगलीत झाले होते. त्यांपासून प्रेरणा घेऊन विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ हे नाटक सादर केले. मराठी रंगभूमीचा उगम ज्या लोकपरंपरेशी जोडलेला आहे, तिच्याच सान्निध्यात कारंत वाढले.

तिसरीत असताना त्यांनी प्रथम नाटकात काम केले आणि त्यांना रंगभूमीची ओढ लागली. पुढे शिक्षण अर्धवट सोडून ते घरातून निघून गेले आणि गुब्बी वीरण्णा यांच्या प्रसिद्ध नाटक कंपनीत दाखल झाले. अभिनय व गायन यांचे पहिले धडे त्यांना तेथे मिळाले. या मुलाची बुद्धिमत्ता वीरण्णांनी ओळखली आणि पुढील शिक्षणासाठी त्याला बनारसला पाठवले. मातृभाषा कन्नड असलेल्या कारंतांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात हिंदी विषय घेऊन एम. ए. ची पदवी मिळवली. पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे त्यांनी हिंदुस्थानी संगीताचेही शिक्षण घेतले. त्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून ते १९६२ मध्ये उत्तीर्ण झाले. शाळा सुटलेला मुलगा अशा रीतीने स्वतः शिक्षक होण्यास सिद्ध झाला.

दिल्लीत त्यांनी व त्यांच्या पत्नी प्रेमा यांनी शाळकरी मुलांना नाटक शिकवले. गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ हे कन्नड नाटक कारंतांनी हिंदीत आणले. १९७२ मध्ये बंगळूर येथे त्यांनी ‘ईडिपस’, ‘संक्रांती’ आणि ‘जोकुमारस्वामी’ ही नाटके खुल्या रंगमंचावर सादर केली. त्यांतून कन्नड रंगभूमीला नवे वळण मिळाले. १९७५ मध्ये त्यांच्या ‘चोमन दुडी’ या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

१९७७ ते १९८१ या काळात कारंत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नाट्यशिक्षण राजधानीपुरते मर्यादित राहू नये, म्हणून त्यांनी दूरदूरच्या प्रदेशांत शिबिरे घेतली. शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ त्यांनी ‘बरनम वन’ या नावाने हिंदीत, यक्षगानाच्या शैलीत बसवले. परदेशी नाटकही आपल्या मातीतल्या रूपात उभे राहू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. संगीतासाठी त्यांना मोठ्या वाद्यवृंदाची गरज वाटत नसे. बांबू, दगड किंवा साध्या टाकाऊ वस्तू यांतूनही ते नाद निर्माण करीत.

पुढे भोपाळच्या भारत भवनातील रंगमंडळ त्यांनी नावारूपास आणले. मात्र तेथील कार्यकाळाची अखेर त्यांच्यासाठी अत्यंत क्लेशकारक ठरली. १९८६ मध्ये ते तेथून बाहेर पडले. एवढ्या आघातानंतर एखादा खचून गेला असता. कारंतांनी मात्र साठीच्या उंबरठ्यावर म्हैसुरात पुन्हा शून्यातून आरंभ केला.

आपल्याकडे बहुसंख्य कलावंतांना नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात नाटक करावे लागते. रंगायणात निवडलेल्या कलावंतांना नियमित वेतन मिळाले आणि नाटक हाच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय झाला. अभिनय, संगीत व शरीराच्या हालचाली यांचे शिक्षण आणि प्रत्यक्ष प्रयोग हे तेथे एकत्र चालत. १९९५ पर्यंत कारंत या संस्थेचे संचालक होते. १ सप्टेंबर २००२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

म्हैसूरच्या धर्तीवर पुढे धारवाड, शिवमोग्गा आणि कलबुर्गी येथेही रंगायणाची केंद्रे सुरू झाली. शासनाने कारंतांना पद्मश्री देऊन गौरवले होते. परंतु त्यांनी घडवलेले कलावंत हेच त्यांचे खरे स्मारक होय. शिक्षणात खंड पडला तरी ते पुन्हा सुरू करता येते आणि मिळवलेली विद्या वाटल्याने वाढते, याची साक्ष त्यांचे जीवन देते.