शेवटचा आकडा

जरा मोबाईल हातात घ्या आणि *#०६# दाबून बघा. १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर दिसेल. त्यातले पहिले १४ आकडे तुमच्या हँडसेटची ओळख सांगतात. पंधरावा कसलीच ओळख सांगत नाही. तो नुसता वॉचमन! आधीचे चौदा कुणी चुकीचे तर लिहिले नाहीत ना, एवढंच बघायला तो शेवटी उभा असतो. हा वॉचमन ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या हान्स पीटर लून यांच्याबद्दल मला लिहायचंय.

लूनच का? त्याचं कारण सांगते. होस्टेलच्या मेसबिलाचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. मेंबर नंबर चार आकडी आहे ना, त्यात एबीसीडी घुसली नाही ना, एवढं तपासलं की झालं व्हॅलिडेशन, अशी माझी समजूत. एकदा एका ज्युनियरचे पैसे भरताना दोन आकडे उलटे टाईप झाले आणि पैसे भलत्याच मुलीच्या खात्यावर गेले. थकबाकीच्या यादीत हिचं नाव आठवडाभर बोर्डावर लटकलं होतं. ती बिचारी पावती दाखवत होती आणि मी तिलाच सांगत होते की कॉम्प्युटर चुकत नाही!

असो. तर लून.

त्यांचा जन्म १ जुलै १८९६ रोजी जर्मनीतल्या बार्मेन इथे झाला. वडील छपाईच्या धंद्यात होते. तो धंदा शिकायला मुलगा स्वित्झर्लंडला गेला, पण मध्येच पहिलं महायुद्ध आलं आणि त्याला जर्मन सैन्यात संदेशवहनाचं काम करावं लागलं. युद्धानंतर छपाई सुटली आणि कापड आलं. १९२४ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. तिथे त्यांनी लुनोमीटर नावाची पट्टी बनवली. बारीक रेघा कोरलेली ही पट्टी कापडावर ठेवली की एका इंचात किती धागे आहेत ते नक्षीवरूनच कळतं, एकेक धागा मोजत बसावं लागत नाही. पुढे घडीच्या रेनकोटपासून कसल्या कसल्या वस्तूंची पेटंटं त्यांनी घेतली. आयुष्यभरात ऐंशीच्या वर! आपण एक मिनी प्रोजेक्ट वेळेत देताना रडतो.

१९४१ मध्ये ते आयबीएममध्ये संशोधक इंजिनियर म्हणून लागले. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या आसपास. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं ते सगळं यानंतरचं आहे, हे एटीकेटीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

त्या काळी खाते नंबर माणसंच एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवत. माणूस म्हटला की एखादा आकडा चुकणार, नाहीतर शेजारशेजारचे दोन उलटे होणार. लूननी कारकुनाला दोष दिला नाही. चूक होणारच असं धरून, ती नंबरमधूनच कशी उघडी पडेल याचा विचार केला. ६ जानेवारी १९५४ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २३ ऑगस्ट १९६० रोजी ते मिळालं. त्यात नंबर तपासणारं, हातात धरून चालवायचं एक यांत्रिक उपकरण होतं.

रीत अगदी सोपी आहे. समजा मेंबर नंबर ४८१६. उजवीकडून सुरुवात करून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा. दुपटीचे दोन आकडे झाले तर त्यांची बेरीज घ्यायची. ६ चे १२, म्हणजे ३. १ तसाच. ८ चे १६, म्हणजे ७. ४ तसाच. बेरीज १५. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे २० ला, ५ कमी पडतात. तो ५ शेवटी लावायचा. नंबर झाला ४८१६५. आता कुणी ४८६१५ टाईप केलं तर बेरीज २४ होते, दहाने भाग जात नाही, पकडला!

कुठलाही एक आकडा चुकला तर ही रीत नक्की पकडते. शेजारचे दोन उलटे झाले तरी पकडते, अपवाद फक्त ०९ आणि ९० चा. कारण ० ची दुप्पट ०, आणि ९ ची १८, म्हणजे परत ९च. ही फट १९६९ मध्ये डचमन व्हरहूफ यांच्या रीतीने बुजली, आणि आपल्या आधार नंबरचा शेवटचा आकडा त्याच रीतीने निघतो. एटीएम कार्डाचा शेवटचा आकडा मात्र आजही लूनच्याच रीतीचा.

आणखी एक. नंबर या परीक्षेत पास झाला म्हणजे तो खरा, असं नाही. तो कुणाला दिलेला आहे का, हे यादीतच बघावं लागतं. शिवाय असा नंबर कुणीही कागदावर बनवू शकतो. हे कुलूप नव्हे, चुका गाळणारी चाळणी आहे.

लून तिथेच थांबले नाहीत. डेटा स्ट्रक्चर्समध्ये आपल्याला छळणारं हॅशिंग, त्याची कल्पना त्यांनी जानेवारी १९५३ मध्येच आयबीएमच्या एका अंतर्गत टिपणात मांडली होती. १९५८ मध्ये मशीनकडून लेखाचा सारांश काढून घ्यायची रीत त्यांनी प्रसिद्ध केली. १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि १९ ऑगस्ट १९६४ रोजी गेले. जगातली कोट्यवधी कार्डं आणि मोबाईल त्यांच्या आकड्यावर चालणार होते, ते बघायला ते राहिले नाहीत.

आमच्या मेसच्या नंबरला आता पाचवा आकडा आहे. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी जेमतेम दहा ओळी वाढल्या. पण त्या लिहिण्याआधी मी त्या ज्युनियरच्या रूमवर जाऊन सॉरी म्हणून आले. कॉम्प्युटर चुकला नव्हता हे खरंच. कुणीतरी चुकणार हे मी धरलंच नव्हतं, चूक ती होती.