राजवाड्यातून बोलावणं आलं, पण कुत्र्याला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून ती गेलीच नाही

१९७१ सालची गोष्ट. स्कॉटलंडच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या एका छोट्या घरात निरोप आला. ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालंय, लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात या.

कुणीही दुसऱ्याच दिवशी कपडे शिवायला टाकले असते. या बाईंनी कळवलं की जमणार नाही. त्या दिवशी कुत्र्याला सांभाळायला घरी कुणी नाही.

पुढे ते पदक प्रिन्स चार्ल्स यांनी स्वतः त्यांच्या हातात दिलं, तेही राजवाड्यात नाही तर तिथल्याच भागातल्या एका फिशिंग लॉजवर. हेच चार्ल्स आज ब्रिटनचे राजे आहेत आणि ते या बाईंचे नेहमीचे गिऱ्हाईक होते.

बाईंचं नाव मेगन बॉइड. त्या विकायच्या काय, तर खोट्या माश्या. आणि त्याहून भारी गोष्ट म्हणजे जगभरातले मासेमारीचे शौकीन ज्यांच्या दारात रांग लावायचे, त्या मेगनबाई स्वतः मासे पकडत नव्हत्या.

आता खोटी माशी म्हणजे काय ते आधी बघू.

आपल्याकडे गळ टाकायचा म्हणजे टोकाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची. युरोपात याचा वेगळा प्रकार आहे, त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. यात गळाला खरं आमिष लावतच नाहीत. पिसं, रेशीम, प्राण्यांचे केस आणि जर गळावर दोऱ्याने बांधून किड्यासारखं काहीतरी तयार करतात. त्याला म्हणतात फ्लाय.

ट्राउट माशासाठीची फ्लाय खऱ्या किड्याची नक्कल असते. सामन माशाची भानगड वेगळी आहे. सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. नदीत शिरला की तो खाणं जवळपास बंद करतो. मग ज्याला भूकच नाही तो गळाला तोंड का लावतो? कुणी म्हणतं चिडून, कुणी म्हणतं लहानपणीच्या सवयीने. यावर शेकडो वर्षं वाद चालू आहे. पण त्यामुळे झालं असं की सामनच्या फ्लायला कुठल्याच किड्यासारखं दिसण्याचं बंधन उरलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी मग हौसच केली. साम्राज्यातून येतील तेवढ्या रंगांची पिसं त्यांनी गळावर चढवली.

यातली सगळ्यात गाजलेली फ्लाय म्हणजे जॉक स्कॉट. १८५० च्या आसपासची. मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या रेशमाचा, त्यावर चंदेरी जर आणि वर पंखासाठी एकावर एक चढवलेली कितीतरी पक्ष्यांची पिसं. त्यातलं एक पीस तर थेट आपल्या ओळखीचं आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी राखाडी रानकोंबडा पाहिला असेल, निदान त्याचं आरवणं तरी ऐकलं असेल. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाचा थेंब पडल्यासारखे पिवळे-पांढरे ठिपके असतात. पाण्यात ते डोळ्यासारखे चमकतात. ही पिसं इंग्रजांच्या काळात भारतातून तिकडे जायची. आता हा पक्षी आपल्याकडे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि त्याची पिसं बाहेर पाठवायला बंदी आहे.

तर अशी ही डोकेदुखी कला. ती एका पोरीने कशी शिकली, खरी गोष्ट तिथेच आहे.

मेगनचा जन्म २९ जानेवारी १९१५ चा, इंग्लंडमधल्या सरी परगण्यातला. ती लहान असतानाच वडिलांना स्कॉटलंडच्या सदरलँड भागात नदीवर राखणदाराची नोकरी लागली. चोरून मासे मारणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, नदी सांभाळायची. घरात येणारी-जाणारी माणसंही याच धंद्यातली. त्यातलेच एक होते बॉब ट्रसलर. तेही राखणदार, आणि फ्लाय बांधण्यात हुशार.

मेगनला शिकायचं होतं. ट्रसलर यांनी तिला नवं सामान देऊन हे कर, ते कर असं सांगितलं नाही. त्यांनी तिच्यासमोर तयार फ्लाय ठेवल्या. आधी या उसवायच्या. मग निघालेल्या त्याच सामानातून तीच फ्लाय पुन्हा बांधायची. आणि अट अशी की नवा गळ आधीच्यापेक्षा लहान.

ऐकायला ही शिक्षा वाटते. पण जरा विचार केला तर ट्रसलर किती पक्के मास्तर होते ते कळतं.

फ्लाय बांधायची साधारण पद्धत अशी असते. टेबलाला एक छोटी वाईस लावतात, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारी पकड. गळावर आधी दोऱ्याचे वेढे घ्यायचे, म्हणजे पुढचं सामान घसरत नाही. मग शेपटी, मग अंगाचं रेशीम, त्यावर तिरकी जर, मग गळ्याशी गोल फिरवलेलं पीस, मग पंख, आणि शेवटी दोऱ्याचं छोटंसं डोकं करून त्याला व्हार्निश. दोरा कुठेही ढिला पडला की सगळं सुटतं. जास्त ओढला की तुटतो. गाठ एकदम शेवटी. तोपर्यंत सगळं फक्त ताणावर टिकलेलं असतं.

नवशिक्या माणसाच्या चुकाही ठरलेल्या असतात. पहिली, पिसं आणि केस भरमसाट घेणं. दुसरी, मागचा भाग बांधताना इतकी जागा खाणं की पंख लावायची वेळ येते तेव्हा गळाच्या डोळ्याजवळ जागाच उरत नाही. मग डोकं फुगतं, गळाचा डोळा बुजतो, त्यात दोरी ओवता येत नाही. हे आजही प्रत्येक शिकणाऱ्याचं होतं.

आता ट्रसलर यांची अट बघा. तयार फ्लाय उसवायला घेतली की सगळ्यात शेवटी बांधलेली गोष्ट सगळ्यात आधी हातात येते. म्हणजे पोरगी पूर्ण कृती उलट्या क्रमाने वाचत होती. कुठलं पीस कुठल्याखाली दडलंय, किती वेढे घेतलेत, हे कुणी न सांगता दिसत होतं. आणि गळ लहान असल्यामुळे सामान जसंच्या तसं परत लावणं शक्यच नव्हतं. प्रत्येक गोष्ट थोडी कमी घ्यायला लागायची. जागा वाचवायला लागायची. नवशिक्याच्या दोन्ही चुका या एका अटीने झोडपून निघतात. जुनं सामान वापरल्यामुळे महागडी पिसं वाया जायची नाहीत, हा फायदा वेगळाच.

मेगनचा हात बसला. शाळकरी वयातच तिच्या फ्लाय विकल्या जायला लागल्या. वीस वर्षांची झाली तेव्हा, म्हणजे १९३५ साली, ती ब्रोरा गावाजवळ किंट्राडवेल इथल्या एका घरात राहायला गेली. पुढची पन्नास वर्षं तिचा मुक्काम तिथेच होता. आता तिला मेगनबाई म्हणायला हरकत नाही.

घर कसलं, एकटं खोपटंच. कित्येक वर्षं तिथे ना वीज होती, ना नळाचं पाणी. बाजूला पत्र्याची एक खोली, तिच्या खिडकीतून समोर उत्तर समुद्र. त्या खिडकीशी बसून, येईल त्या उजेडात मेगनबाई काम करायच्या. तिकडे हिवाळ्यात दुपारीच अंधारतं. मग दिवा.

अंगावर पुरुषी शर्ट, टाय, ट्वीडचा कोट, पायात जाडजूड बूट. केस स्वतःच कापायच्या. लग्न केलं नाही. संध्याकाळी गावात नाच असला की आवर्जून जायच्या आणि स्कॉटिश नाचात पुरुषाची बाजू धरायच्या. त्या काळातल्या खेड्यात याची चर्चा झालीच असणार, पण गावाने त्यांना आपलं मानलं होतं.

त्यांची ख्याती होती ती सारखेपणाची. एकाच प्रकारच्या डझनभर फ्लाय घ्या, बाराच्या बारा सारख्या. एक चुकली तर उसवून पुन्हा. लहानपणी लागलेली सवय. अमेरिकेपर्यंत नाव गेलं, राजघराण्यातून मागणी यायला लागली, गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. आज कुठल्याही बिझनेस गुरूने सांगितलं असतं की भाव वाढवा, चार माणसं ठेवा, ब्रँड करा. बाईंनी यातलं काहीच केलं नाही. भाव साधे ठेवले आणि राजपुत्र असो की गावचा माणूस, फ्लाय सगळ्यांना तशीच.

एक फ्लाय तर त्यांच्या नावानेच ओळखली जाते, मेगन बॉइड. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरतं आणि मासे कशालाच दाद देत नाहीत, तेव्हाची ती फ्लाय आहे.

एवढं सगळं असून त्या मासेमारीला जात नव्हत्या. सामनला मारावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. यात विरोधाभास आहे, आणि तो गोड शब्दांत झाकण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातच्या फ्लायवर किती सामन मेले असतील याची मोजदाद नाही. त्यांना मासा आवडायचा, आणि त्याला फसवणारी वस्तू जगात सगळ्यात चांगली बांधणाऱ्यांपैकी त्या एक होत्या. पोट त्याच्यावरच होतं. या दोन गोष्टी त्यांनी मनात कशा बसवल्या हे त्यांनाच ठाऊक.

तेव्हा स्कॉटलंडच्या नद्यांमध्ये सामन भरपूर होता. आज तशी स्थिती नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या संस्थेने ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सामन धोक्यात असलेल्या यादीत टाकला. आता तिकडे गळाला लागलेला बहुतेक सामन जिवंतच पाण्यात परत सोडतात.

पिसांचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या फ्लाय बांधायच्या हौसेपायी दुर्मिळ पिसांचा इतका महाग बाजार तयार झाला की २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून शेकडो पक्ष्यांचे जुने नमुने चोरीला गेले. चोर होता फ्लाय बांधण्यात नाव कमावलेला तरुण पोरगा. त्यावर इंग्रजीत एक पुस्तकही आलंय. मेगनबाईंचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, त्या तेव्हा हयातही नव्हत्या. पण एकच कला दोन माणसांना कुठे घेऊन जाते ते बघा.

मेगनबाईंच्या कामाची किंमत त्यांच्या डोळ्यांनी मोजली. केसाएवढी पिसं, काळ्यावर काळा दोरा, अपुरा उजेड, आणि हे पन्नास वर्षं. हळूहळू दिसायचं कमी होत गेलं. हाताला सगळं पाठ होतं, पण पिसाच्या कडा जुळल्या आहेत की नाहीत हे बोटांना कळत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी काम बंद केलं. मागण्या येतच होत्या.

१५ नोव्हेंबर २००१ ला गोल्स्पी गावात त्यांचं निधन झालं, वय ८६. अमेरिकेतल्या न्यू यॉर्क टाइम्सने त्यांच्यावर मोठा मृत्युलेख छापला. तो एरिक स्टील या दिग्दर्शकाच्या वाचनात आला आणि त्याच्या डोक्यातून गेलाच नाही. २०१३ साली त्याने मेगनबाईंवर किस द वॉटर नावाची डॉक्युमेंट्री केली. बाई तर राहिल्या नव्हत्या, म्हणून मग ब्रोराच्या आसपासची माणसंच कॅमेऱ्यासमोर त्यांच्याबद्दल बोलली, आणि बाकीची गोष्ट ॲनिमेशनमध्ये रंगवून काढली.