कलामहर्षी बाबूराव पेंटर

करवीरनगरीने महाराष्ट्राला दिलेल्या थोर कलावंतांत बाबूराव पेंटर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. घरच्या कारागिरीतच त्यांचा हात तयार झाला. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांसमवेत त्यांनी नाटकमंडळ्यांसाठी रंगविलेले पडदे इतके गाजले की, पेंटर हे धंद्याचे नावच त्यांचे आडनाव होऊन बसले.

पडदा रंगविणे दिसते तितके सोपे नव्हे. रंगाची भुकटी पाण्यात कालवून तीत सरस घालतात. सरस कमी पडला तर रंग झडतो. अधिक पडला तर पडदा गुंडाळताच रंगाला भेगा पडतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे प्लॅस्टिकच्या विमानांच्या प्रतिकृती ॲक्रिलिक रंगांनी रंगवितात, त्यांना हीच गोष्ट निराळ्या रूपात ठाऊक आहे. एअरब्रशमध्ये घालावयाचा रंग दुधाइतका पातळ करावा लागतो. दाट राहिला तर तो तोटीत अडकतो आणि प्रतिकृतीवरील बारीक रेषा बुजवितो. फार पातळ झाला तर ओघळतो. म्हणून पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा, मगच दुसरा द्यावा. साधने बदलली, परंतु उतावळ्या हाताला रंग तेव्हाही वश नव्हता, आजही नाही.

हीच चिकाटी बाबूरावांना पुढे उपयोगी पडली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहून दोघा भावांनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. परंतु १९१६ साली, म्हणजे आपल्या काचीगुड्याचे रेल्वे स्थानक उभे राहिले त्याच वर्षी, आनंदराव अकाली निवर्तले. बाबूराव खचले नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःचा कॅमेरा घडविला. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातील कीचकवध इतका खरा भासला की, तो प्रसंग कापावा लागला. पडदे रंगवून नाव मिळविलेल्या या कलावंताने चित्रपटात मात्र सपाट पडद्यांऐवजी भरीव नेपथ्य आणले. ‘सिंहगड’साठी (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले आणि ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दैन्य दाखविले.

१६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. ज्या कामासाठी एवढा जीव आटविला, तेच काळाने गिळावे, ही गोष्ट मनाला चटका लावते. परंतु दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे त्यांच्याच हाताखाली शिकले, आणि १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांत हे तिघेही होते. गुरूची चित्रे विरली, पण गुरूने घडविलेले हात कामाला लागले होते. हस्तकौशल्याला अभ्यासाहून कमी लेखणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य ध्यानी घ्यावे, असे आम्हांस वाटते.