खेळण्यातली होडी आणि निकोला टेस्ला

मनमाडला राहणाऱ्या विद्यार्थ्याने होडीविषयी लेख लिहावा, हे पाहून आमचे प्राध्यापक नक्कीच हसतील. ज्या गावात नळाला पाणी कधी येणार या प्रश्नावर पिढ्या गेल्या, आणि वागदर्डीच्या धरणात पाणी किती उरले हे लोक कांद्याच्या भावासारखे एकमेकांना विचारतात, तेथे होडीचे काय काम? पण गेल्या दिवाळीत ताईच्या मुलाने विजेवर चालणारी, रिमोटने हाकायची होडी हवी म्हणून हट्ट धरला. नुसती होडीही नव्हे, तर कॅटमरान, म्हणजे दोन अंगांची जोडहोडी. ती निवडण्याचे काम माझ्याकडे आले, कारण कला शाखेच्या विद्यार्थ्याजवळ वेळच वेळ असतो अशी आमच्या घरची ठाम समजूत आहे.

मी माहिती काढू लागलो. कॅटमरान हा शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके, हे कळले तेव्हा मौज वाटली. मोटारीचे दोन प्रकार असतात, ब्रश असलेली आणि ब्रश नसलेली, हेही कळले. आणि मग सहज मनात आले, की पाण्यातल्या होडीला काठावरून, मध्ये तार नसताना, वळवण्याची कल्पना प्रथम कोणाला सुचली असेल? त्या प्रश्नाने मला निकोला टेस्लापाशी आणून सोडले आणि भाच्याची होडी आठ दिवस लांबली.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. ते खेडे त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज क्रोएशियात आहे. घराणे सर्ब, वडील ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मोपदेशक. आईला लिहितावाचता येत नव्हते, पण घरकामाची लहानमोठी अवजारे ती स्वतः बनवी आणि लांबलचक वीरकाव्ये तिला तोंडपाठ होती. जात्यावर बसून शेकडो ओव्या म्हणणाऱ्या आपल्याकडच्या आज्या डोळ्यांपुढे याव्यात, अशी ती बाई. मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. सतराव्या-अठराव्या वर्षी कॉलऱ्याने मुलगा मरणाच्या दारात गेला, तेव्हा बरा झालास तर इंजिनियर हो, असे त्यांनी कबूल केले. मुलगा बरा झाला.

त्याच्या बालपणातली एक गोष्ट मला विशेष लक्षात राहिली. मित्रांना चकवण्यासाठी त्याने एकदा पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यासारख्या बांधकामाखाली बुडी मारली. पलीकडे निघालो असे समजून वर आला, तर डोके फळ्यांना आपटले. पुन्हा बुडी, पुन्हा फळी. दम संपत आला तेव्हा फळ्या आणि पाणी यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा सापडली, तिथली हवा ओढून घेत तो कसाबसा बाहेर आला.

१८७५ साली तो ग्राझच्या तंत्रशाळेत गेला. तेथे वर्गात एक विद्युत्‌यंत्र चालवून दाखवत असता त्याच्या ब्रशांतून ठिणग्या उडू लागल्या. हे ब्रश काढूनच टाकता येणार नाहीत का, असे या विद्यार्थ्याने विचारले. प्राध्यापकांनी ते कसे अशक्य आहे यावर एक व्याख्यानच दिले. (आमच्या प्राध्यापकांनी हे मनावर घेऊ नये.) तो प्रश्न टेस्लाच्या डोक्यात सुमारे सहा वर्षे राहिला. १८८२ साली बुडापेस्टच्या एका बागेत मित्राबरोबर फिरताना उत्तर सुचले, आणि त्याने काठीने वाळूत आकृती काढून दाखवली. प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, विजेचे दोन-तीन प्रवाह थोड्या थोड्या अंतराने सोडले तर चुंबकक्षेत्रच गोल फिरू लागते आणि मोटारीचा आस त्याच्यामागे ओढला जातो. ब्रश नकोत, ठिणगी नको. माझ्या भाच्याच्या होडीच्या दुकानदाराने ब्रश नसलेली मोटार घ्या, जास्त टिकते, असे मला सांगितले, तेव्हा फिरत्या चुंबकक्षेत्राची तीच जुनी कल्पना तो मला विकत होता!

१८८४ साली टेस्ला अमेरिकेत उतरला तेव्हा खिशात चार सेंट होते. एडिसनकडे नोकरी केली, ती वर्षभरही टिकली नाही. पुढे तर पोटासाठी न्यूयॉर्कमध्ये खंदक खणण्याची मजुरीही त्याने केली. १८८८ साली त्याच्या मोटारीची पेटंटे जॉर्ज वेस्टिंगहाउसने घेतली आणि एडिसनची डीसी वीज विरुद्ध यांची एसी वीज असा झगडा पेटला. १८९३ साली शिकागोचे प्रचंड प्रदर्शन एसी विजेने उजळले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. हे दोघे पुढे १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये भेटले, आणि प्राण व आकाश या आपल्याकडच्या कल्पनांविषयी त्यांचे बोलणे झाले. त्याच वर्षी नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली.

हा एसी-डीसीचा झगडा आम्हा मनमाडकरांना फार दूरचा नाही. माझे आजोबा रेल्वेत होते. मुंबईहून इगतपुरीपर्यंत दीड हजार व्होल्टची डीसी आणि इगतपुरीपासून मनमाड-भुसावळकडे पंचवीस हजार व्होल्टची एसी, म्हणून गाड्यांची इंजिने इगतपुरीला बदलत. प्रवासी त्या वेळात वडे खात. २०१६ पर्यंत मुंबईच्या लोकलसुद्धा एसीवर आल्या आणि डीसी निघून गेली. एडिसन-टेस्लांचा सामना आमच्या मार्गावर सव्वाशे वर्षे चालला असे आजोबांना सांगितले, तर त्यांना फक्त वडे आठवले.

आता होडी. मार्च १८९५ मध्ये टेस्लाची प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली. यंत्रे, टिपणे, काही उरले नाही. दुसरा कोणी असता तर खचला असता. तीन वर्षांनी, १८९८ साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पाण्याच्या हौदात एक लोखंडी होडी सोडली. लांबी सुमारे चार फूट. आत बॅटऱ्या, पंखा फिरवणारी एक मोटार, सुकाणू वळवणारी दुसरी, वर दिवे. बिनतारी लहर आली, की धातूचा कीस भरलेल्या एका नळीतून वीज वाहू लागे आणि आतली चकती एक घर पुढे सरके. चकतीच्या त्या घरांवरून सुकाणू कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळे, कधी थांबे. प्रत्येक लहरीनंतर ती नळी उलटावी लागे, म्हणजे कीस पुन्हा मोकळा होई. तेही होडी आपले आपणच करी.

बघणाऱ्यांना हे कळेना. कोणाला जादू वाटली, कोणाला मनोबल, कोणी म्हणाले आत शिकवलेले माकड आहे. टेस्लाही नाटकी वृत्तीचा. त्याने लोकांना होडीलाच प्रश्न विचारायला सांगितले. चौसष्टचे घनमूळ किती असे कोणी विचारले, की दिवे चार वेळा लुकलुकत. उत्तर अर्थातच टेस्लाच्या हातातल्या पेटीतून जात होते. माझ्या मते त्याची चूक येथे झाली. गंमत इतकी रंगली, की गंमतीखालचा विचार कोणी पाहिलाच नाही. त्या वर्षी अमेरिका स्पेनशी लढत होती. माणूस न बसवता चालणारी बोट करता येते, हे तो सांगत होता, पण नौदलाला त्यात रस वाटला नाही. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी त्याला पेटंट मात्र मिळाले.

पुढची कथा उताराची आहे. लाँग आयलंडवर जगभर बिनतारी संदेश आणि वीज पाठवण्याचा मनोरा त्याने १९०१ साली बांधायला घेतला. मॉर्गन या धनाढ्याने दीड लाख डॉलर दिले, पुढे हात आखडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपार संदेश नेला. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळाले. १९१७ साली मनोरा पाडला गेला. आयुष्याची शेवटची वर्षे टेस्लाने हॉटेलच्या खोल्यांत काढली, बिले थकवत आणि कबुतरांना दाणे घालत. ७ जानेवारी १९४३ रोजी हॉटेल न्यूयॉर्करमध्ये तो एकटाच वारला. काही महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या एका पेटंटातले महत्त्वाचे दावे रद्द केले, आणि टेस्लाचे आधीचे काम मान्य केले. १९६० साली चुंबकक्षेत्राच्या एककाला त्याचे नाव मिळाले. मरणानंतरचे हे मानसन्मान वाचताना मला आनंद झाला नाही, रागच आला.

भाच्याची होडी राहिली. ती चालवायची कुठे, तर मामाच्या शेततळ्यात. शेततळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आत पडलेल्याला वर येता येत नाही. दरवर्षी अशी बातमी येते. जोडहोडी पाण्यावर ठामपणे बसते, वळणावर झुकत नाही, वेगही उत्तम. पण एकदा उलटली, की बहुधा उलटीच राहते. एक अंगाच्या काही होड्यांत एका बाजूला पाणी शिरणारी पोकळी ठेवलेली असते. होडी उलटली की तिथे पाणी भरते, तोल जातो आणि होडी आपोआप सुलटी होते. तळ्याच्या मध्यभागी होडी उलटी पडली, तर आठ वर्षांचा मुलगा काय करील? तराफ्याखालचा तो मुलगा मला आठवला. मी जोडहोडी घेतली नाही.

भाचा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मामांनी तळ्याच्या काठाला दोर बांधला, दोन पोकळ डबे तरंगायला ठेवले आणि आम्ही होडी सोडली. तिसऱ्याच वळणाला ती उलटली. भाचा पुढे धावला, मामांनी त्याचा दंड धरला. आम्ही सगळे श्वास रोखून पाहत राहिलो. होडी एका कुशीवर झाली, जरा डुलली आणि सरळ झाली. भाच्याने पेटीवरची कळ दाबली, तशी ती आमच्याकडे यायला निघाली.